दर्यावरील कागद

मलकापूर हे समुद्राचे गाव नव्हे. शाळी नदीच्या काठी, विशाळगडाच्या वाटेवर वसलेले हे सह्याद्रीच्या कुशीतले गाव. येथे दर्यावरून येतो तो पाऊस तेवढा. म्हणून गेल्या आषाढात माझे एक वयोवृद्ध शेजारी धोतराच्या जुन्या फडक्यात बांधलेले गाठोडे काखेला मारून दारी आले आणि "फादर, ह्यात आरमाराचा कागद हाय म्हणं, तेवढा वाचून द्या की," असे म्हणाले, तेव्हा मी थोडा चकितच झालो.

आबांचे (गावात सारेच त्यांना आबा म्हणतात) पूर्वज बैलांवर माल लादून घाट उतरत. अणुस्कुऱ्याचा घाट उतरला की राजापूरचे बंदर जवळ येते, आंब्याचा घाट उतरला की साखरपा आणि पुढे रत्नागिरी. आबांच्या घरातील कागद त्या वाहतुकीचे. ते माळ्यावर पडून होते आणि कोणाच्या लेखी त्यांना किंमत नव्हती. पण महिन्यापूर्वी शहरातून एक सद्गृहस्थ आले, त्यांनी गाठोडे उलगडून पाहिले, गोल शिक्का असलेला एकच कागद बाजूला काढला आणि त्याचे वीस हजार रुपये देऊ केले. बाकीचे कागद त्यांना नको होते. जाताजाता त्यांनी सांगितले की परदेशात अशा जहाजी कागदांना मोठी मागणी आहे; राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे जहाजांचे परवाने लोक काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात.

आबांच्या नातीला कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश घ्यावयाचा होता. वीस हजार ही त्या घरात लहान रक्कम नव्हे. ते माझ्याकडे आले ते कुतूहलाने नव्हे, तर हा कागद द्यावा की न द्यावा हे ठरविण्यासाठी.

मोडी मी वाचतो ती अडखळत. सेमिनरीत लॅटिन शिकलो. मोडी शिकलो ती पुष्कळ पुढे, एका निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर बसून. म्हणून मी आबांना म्हटले, "आठवडाभर गाठोडे माझ्याकडे ठेवा." त्या आठवड्यात आणि त्यानंतर जे वाचले, जे पूर्वी वाचलेले नव्याने आठवले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

त्या सद्गृहस्थांनी सांगितलेली परदेशची गोष्ट खरी आहे. १७९३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध जुंपले तेव्हा अमेरिकेचे नवे राष्ट्र तटस्थ राहिले. तटस्थ राष्ट्राचे जहाज भर समुद्रात ओळखावे कसे? म्हणून अमेरिकी जहाजांना राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे समुद्रपत्र देण्यात येऊ लागले. फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी आणि डच अशा चार भाषांत एकच मजकूर शेजारी शेजारी छापलेला. कारण अडविणारा कोण असेल हे सांगता येत नसे. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन, मॅडिसन अशा थोर पुरुषांच्या सह्या त्यांवर आहेत. भूमध्य समुद्रात जाणाऱ्या जहाजांसाठी १७९६ च्या कायद्याने आणखी एक परवाना निघाला. तो चर्मपत्रावर असे आणि त्याचा माथा नागमोडी कापलेला असे. कापलेला वरचा तुकडा उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत आधीच पोचविलेला असे. तेथील गलबतांवरचे लोक दोन तुकडे जुळवून पाहत. कडा जुळल्या की जहाज सुटले. वाचता न येणाऱ्यालाही वाचता यावा असा हा कागद! मला त्या युक्तीचे मोठे कौतुक वाटते.

परंतु या परवान्यांविषयीची एक गोष्ट संग्राहक फारशी बोलून दाखवीत नाहीत. राष्ट्राध्यक्ष कोऱ्या छापील नमुन्यांवर सह्या करून ठेवीत, ते गठ्ठ्याने बंदरोबंदरी जात आणि जहाजाचे नाव, कप्तानाचे नाव, तोफा आणि माल हा तपशील तेथील जकातीचा अधिकारी भरी. म्हणजे ज्या सहीसाठी आज हजारो डॉलर मोजले जातात, ती करणाऱ्याला त्या जहाजाची काहीच खबर नसे. जहाज त्या कागदात आहे ते जकात अधिकाऱ्याच्या अक्षरात.

आपल्या किनाऱ्यावर ही परवान्याची पद्धत त्याहून तीनशे वर्षे जुनी आहे आणि तिचा आरंभ आपल्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या, अभिमानाला साजेसा नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात 'कर्ताझ' सक्तीचा केला. शब्द मूळ अरबी, अर्थ नुसता 'कागद'. कर्ताझात नाखवा कोण, जहाज केवढे, शस्त्रे किती, जाणार कोठे, कोणता माल न्यावयाचा नाही हे सारे लिहिलेले असे. परवान्याचे शुल्क बेताचे असे. खरा फायदा असा की परवाना घेणाऱ्याने पोर्तुगीज ठाण्यावर येऊन जकात भरली पाहिजे. कागद नसलेले जहाज लुटावयास मोकळे. शतकानुशतके ज्या समुद्रावर अरब, गुजराती, मलबारी आणि कोकणी नाखवे कोणाची परवानगी न मागता वावरले, तेथे येण्याजाण्यासाठी आता लिस्बनच्या राजाची मेहरबानी लागू लागली.

अकबर बादशहालाही तो चुकला नाही. त्याची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजसाठी निघाली. तिला सुरतेस सुमारे वर्षभर थांबावे लागले आणि त्या खोळंब्यात पोर्तुगीज परवान्याचा वाटा होता. अकबराच्या दरबारातील इतिहासकार बदायुनी याने एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. मखदूम-उल-मुल्क या धर्मशास्त्र्याने असा फतवा दिला की हजला जाण्याचे बंधन आता उरले नाही. कारण खुश्कीच्या मार्गावर शियांचा जाच, आणि समुद्रमार्गाने जावे तर फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागतो, ज्यावर मरिया आणि येशू यांची चित्रे छापलेली असतात.

हा मजकूर मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो होतो. आपल्या माउलीचे आणि तिच्या पुत्राचे चित्र लक्षावधी लोकांनी प्रथम पाहिले असेल ते कोठे? देवळात नव्हे, प्रार्थनेच्या पुस्तकात नव्हे, जकातीच्या कागदावर. ज्याच्याकडे तो कागद नसेल त्याचे जहाज लुटले जाई, तांडेल-खलाशांच्या जिवाची शाश्वती नसे. आणि कागद असला तरी ती असेच असे नाही. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे 'रहिमी' हे जहाज परवाना असतानाही पोर्तुगीजांनी धरून नेले. बादशहा संतापला, दमणवर फौज निघाली आणि आग्र्याचे जेझुइटांचे चर्च बंद पाडण्यात आले. समुद्रावरच्या कप्तानाचे पाप आग्र्याच्या मिशनऱ्यांना फेडावे लागले. आपल्या इतिहासाचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पण असे कागदही त्याच दप्तरात ठेवावे लागतात, ते वेगळे काढता येत नाहीत.

मराठ्यांनी समुद्रावर पाय रोवले तेव्हा त्यांनीही स्वतःचे कौल आणि दस्तके सुरू केली. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे म्हणणे सरळ होते: किनारा आमचा, तेव्हा येथून जाणाऱ्या व्यापारी गलबताने आमचे दस्तक घ्यावे. मुंबईकर इंग्रजांना हे मान्य होणे शक्य नव्हते. कारण तेही स्वतःचे परवाने विकत होते. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचेच जहाज कान्होजींच्या आरमाराने धरले आणि त्यावरील एका विधवा इंग्रज बाईच्या सुटकेसाठी तीस हजार रुपये मोजून घेतले. पुढे गव्हर्नर बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल केली. तिन्ही वेळा त्याला हात हलवीत परतावे लागले. इंग्रजी कागदांत मात्र कान्होजी 'चाचा'. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी तिन्ही बाजूंचे कागद समोरासमोर ठेवले तेव्हा कोठे हे स्पष्ट झाले की भांडण चाचेगिरीचे नव्हते. कोणाच्या शिक्क्याचा कागद चालावा याचे होते.

शिक्क्याचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर करतो; संग्राहकांची सर्वांत मोठी फसवणूक येथेच होते. जुन्या मराठी राजपत्रावर आजच्या अर्थाची 'सही' शोधणारा मनुष्य बहुधा निराश होतो. खाली नाव लिहून सही करण्याची रीत राजपत्रांत नव्हती. मजकूर चिटणिसाच्या फडावरील कारकुनाच्या हातचा, माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबात 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत. लेखनाची मर्यादा येथे झाली, असा तिचा अर्थ. यापुढे कोणी ओळ वाढविली असेल तर ती लबाडी समजावी. काही पत्रांत शेवटचे चार शब्द तेवढे धन्याच्या स्वहस्ताचे असतात. तेव्हा 'महाराजांच्या सहीचा आरमारी परवाना' म्हणून कोणी काही विकावयास आणले, तर वाचकांनी खिशात हात घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. जुने कोरे कागद आजही मिळतात, बोरू मिळतो, शाई करता येते आणि मुद्रा कोरून घेण्यास तर काहीच अडचण नाही.

मग आरमाराचा खरा मोलाचा कागद कसा असतो? त्याचे उदाहरण आमच्या मलकापुराच्या अगदी पायथ्याशी आहे. विशाळगडाखाली, घाट उतरताच, आजच्या लांजा तालुक्यात प्रभानवल्ली नावाचे गाव लागते. शिवकालात हे सुभ्याचे ठिकाण होते आणि जिवाजी विनायक तेथील सुभेदार होते. १६७५ च्या जानेवारीतील, त्यांच्या नावे शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी मुरूडच्या समुद्रात पद्मदुर्गाचे बांधकाम चालू होते. दौलतखान आणि दर्यासारंग आरमार घेऊन तेथे उभे होते. त्यांना पैका आणि धान्य पोचविण्याची आज्ञा प्रभावळीच्या सुभ्याला झाली होती. सुभेदारांनी ते पोचविले नाही. त्यावर महाराजांनी लिहिलेले हे पत्र. तुम्हाला हबशाने काही देऊन फितविले असेल म्हणून अशी बुद्धी झाली असेल, असा थेट आरोप त्यात आहे. आणि ब्राह्मण म्हणून कोणी मुलाहिजा ठेवील हा भरवसा धरू नका, अशी ताकीदही.

या पत्रात लढाईचे वर्णन नाही, विजयाची वार्ता नाही. तांदूळ वेळेवर पोचला नाही, एवढीच तक्रार. पण आरमार म्हणजे काय हे जितके या कागदावरून कळते तितके दहा पोवाड्यांतून कळत नाही. समुद्रातील किल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाचे पोट घाटाखालच्या एका कारभाऱ्याच्या हाती आहे, आणि राजाला ते ठाऊक आहे. या पत्रावरची मुद्रा कापून कोणी चौकटीत लावली तर काय उरेल?

दुसरा कागद याहून मोठा, पण तोही आमच्याच मुलखातला. रामचंद्रपंत अमात्य यांनी करवीरच्या संभाजी महाराजांच्या नावे १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्र' सिद्ध केले. त्यातील आरमाराचे प्रकरण प्रत्येक मराठी घरात वाचले गेले पाहिजे असे माझे मत आहे. कौल घेतलेल्या सावकाराच्या गलबताला उपद्रव देऊ नये, परक्या व्यापाऱ्याशीही गोडीने वागावे, असे त्यात बजावले आहे. आणि जहाजांच्या लाकडाविषयी लिहिताना अमात्य सांगतात की आंबा आणि फणस ही झाडे कामाची खरी, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण रयतेने ती लेकरासारखी वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मग तोडावे. जबरदस्ती सर्वथा करू नये. आरमारासाठी लिहिलेल्या कागदात गरीब माणसाच्या परसातल्या फणसाची काळजी! पोर्तुगीज कर्ताझाच्या शेजारी मी हे प्रकरण ठेवतो तेव्हा धर्मचिन्ह कोणत्या कागदावर आहे आणि धर्म कोणत्या कागदात आहे, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. अर्थात मराठ्यांच्या आरमाराने व्यापाऱ्यांना कधी लुटलेच नाही असे मी म्हणणार नाही. मालवणच्या गलबतांची दहशत इंग्रजी कागदांत पानोपानी आहे आणि ती सगळीच खोटी नसावी.

कोल्हापूरला आज समुद्र नाही, हे आपण इतके गृहीत धरले आहे की तो कधी होता याचा विसर पडतो. मालवण आणि सिंधुदुर्ग करवीर राज्याचे होते. १७६५ मध्ये कंपनीच्या मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले आणि पुढल्याच वर्षी, त्या वेळी राज्याचा कारभार पाहणाऱ्या जिजाबाई राणीसाहेबांशी तह करून, पावणेचार लाखांहून अधिक रुपयांच्या बोलीवर तो परत केला. अखेरचा कागद १ ऑक्टोबर १८१२ चा. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या वेळी पुण्यास रेसिडेंट होता. या तहाने करवीरच्या शिवाजी महाराजांनी (राज्यकाल १७६२ ते १८१३) मालवणचे बंदर आणि तेथील किल्ले कंपनीला दिले, आणि यापुढे सशस्त्र गलबते बाळगणार नाही, संशय आल्यास इंग्रजांनी आमची जहाजे तपासावी, हेही कबूल केले. एचिसनने संपादिलेल्या तहांच्या संग्रहात तो छापलेला आहे. ज्या राजघराण्याच्या मूळ पुरुषाने सिंधुदुर्गाचा पाया १६६४ मध्ये घातला, त्याच घराण्याच्या समुद्राचा हिशेब दीडशे वर्षांनी काही कलमांत मिटला. आरमारी कागदांच्या संग्राहकाला याहून मोलाचा कागद आमच्या मुलखात सापडणार नाही. पण त्याच्यासाठी कोणी वीस हजार देऊ करील असे वाटत नाही, कारण तो पराभवाचा आहे.

हे सारे आज आपल्याला वाचावयास मिळते ते काही वेड्या माणसांमुळे. वि. का. राजवाडे यांना वाईस एका घरी जुन्या कागदांच्या पेट्या सापडल्या आणि त्यांतून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे हा मनुष्य आयुष्यभर गावोगाव भटकत, पदरचे खाऊन, लोकांच्या माळ्यांवरची धूळ झाडीत राहिला. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच पुढाकाराने. साताऱ्याचे पारसनीस दुसऱ्या वळणाचे; कागदांबरोबर चित्रे, तसबिरी यांचाही त्यांना शोक. आणि गोव्यात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर. १९३० पासून १९६१ पर्यंत त्यांनी गोव्याचा दप्तरखाना सांभाळला. हा दप्तरखाना १५९५ चा. त्याचा पहिला रखवालदार इतिहासकार दियोगो दो कौतु. पावसाळी वाऱ्यांच्या बेताने लिस्बनहून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचा पत्रव्यवहार, शेजारच्या राजांना धाडलेल्या पत्रांच्या वह्या, राज्यमंडळाचे ठराव हे सारे तेथे शतकानुशतके क्रमाने बांधलेले होते.

त्या क्रमाचे महत्त्व वसईकर वाचकांना एका गोष्टीवरून पटेल. शिवाजी महाराजांची पहिली जहाजे १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे बांधली जात होती, तेव्हा त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस आणि त्याचा मुलगा हे पोर्तुगीज कारागीर होते. आणि वसईच्या पोर्तुगीज अंमलदाराने त्यांचे मन वळवून त्यांना काम अर्धवट टाकून निघून यावयास लावले. ही हकीगत कोणत्याही मराठी बखरीत नाही. ती पोर्तुगीज पत्रांत आहे, आणि ती पत्रे आपल्या जागी, आपल्या गठ्ठ्यात राहिली म्हणून पिसुर्लेकरांसारख्यांना सापडली. या पत्रांवर कोणा जगप्रसिद्ध पुरुषाची सही असती आणि कोणी ती केव्हाच उचलून नेली असती, तर आपण त्या बापलेकांचे नावही ऐकले नसते.

आता मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी, नुकताच धर्मगुरू झालो असताना, मी ज्या धर्मग्रामात मदतनीस होतो तेथे नाताळापूर्वी रंगसफेदी निघाली. साक्रिस्तीच्या मागच्या खोलीत वाळवी लागलेले कागदांचे ढीग होते. बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या वह्या मी सुरक्षित ठेवल्या, कारण त्यांचा उपयोग मला ठाऊक होता. बाकी पावत्या, होड्यांच्या वर्गणीच्या याद्या, कोणा तांडेलाने मिसाची मागणी करून पाठविलेल्या चिठ्ठ्या मी अंगणात जाळविल्या. मला कोणी सांगितले नव्हते. तो माझाच निर्णय होता. त्या याद्यांत त्या गावच्या होड्यांची नावे होती, मालकांची नावे होती, कोणत्या वर्षी कोणती होडी परत आली नाही हेही होते. आज मी त्या गावाचा इतिहास लिहावयास बसलो तर माझ्यापाशी बाप्तिस्मे आहेत आणि मरणे आहेत. मधला समुद्र मी जाळून टाकला आहे.

म्हणून आबांच्या गाठोड्यापुढे मी जरा अधिकच सावधपणे बसलो. शिक्क्याचा कागद प्रथम वाचला. तो आरमाराचा नव्हता. शिक्का कोणा छत्रपतींचा नव्हता. जकातीच्या ठाण्याचा दिसला, आणि मजकूर मालाच्या जकातीविषयीचा. पण त्या कागदात ज्या मालाचा उल्लेख एका ओळीत होता, त्याच मालाचा हिशेब बिनशिक्क्याच्या इतर कागदांत पसरलेला होता: किती बैल, किती मीठ, किती काथ्या आणि सुंभ, वाटेत कोणता बैल पडला. शिक्क्याचा कागद काढून घेतला असता तर बाकीचे मुके झाले असते. आणि तो स्वतः दिवाणखान्यात लटकताना 'मराठा आरमाराचा परवाना' म्हणून खोटे बोलत राहिला असता.

आबांना मी कायदाही सांगितला. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित कागद घरी बाळगावयास हरकत नाही. पण खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. (परवान्यांच्या व्यापाऱ्यालाही परवाना लागतो, हे ऐकून आबा खूप हसले.) कोल्हापुरात सरकारचे पुराभिलेखागार आहे. स. मा. गर्गे यांच्यासारख्यांनी करवीरचा इतिहास लिहिला तो अशाच दप्तरांत बसून. आमच्या आसपास विशाळगडकर प्रतिनिधींच्या जहागिरीमुळे जुने कागद असणारी घरे आणखीही असतील. त्यांना माझे सांगणे एवढेच: कागदाला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, गाठोड्याचा क्रम मोडू नका आणि बॉलपेनने त्यावर काही लिहू नका.

आबांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ते समदं खरं, फादर. पण पोरीच्या फीचं काय?"

या प्रश्नाला माझ्यापाशी इतिहासातले उत्तर नव्हते. फीचा काही भार आम्ही काहीजणांनी उचलला, काही आबांनी एक म्हैस विकून उभा केला. म्हैस दुभती होती. तो व्यवहार मला अजून टोचतो. ते सद्गृहस्थ पुन्हा आले तेव्हा आबांनी त्यांना सांगितले, "न्यायचं तर सगळं गाठोडं न्या आन् ते सरकारात जमा करा, त्याची पावती मला द्या. एकलाच कागद मिळायचा न्हाई." ते गृहस्थ चहा न घेताच गेले.

आता कागद कोल्हापूरला नेण्यापूर्वी त्यांना क्रमांक घालण्याचे काम चालू आहे. आबांची नात सुटीला आली की माझ्याकडे येते आणि शिसपेन्सिलीने प्रत्येक कागदाच्या मागे, कोपऱ्यात, बारीक आकडा घालते. एकशे चौदापर्यंत आम्ही आलो आहोत. तिला मोडी येत नाही, पण परवा एका कागदाच्या शेवटी बोट ठेवून तिने विचारले, "फादर, हे 'छ' सारखं सगळीकडे येतंय, ते काय?" मी म्हणालो, "तो चंद्र. चंद्राचा कितवा दिवस, ते पुढे लिहिलेलं असतं." मग तिने मागचे सारे कागद पुन्हा काढले आणि प्रत्येकावरचा चंद्र शोधीत बसली.